धावपट्टी कोरडी, तरी विमानतळ बंद

समुद्राची पातळी वाढते आहे म्हटलं की किनाऱ्यावरच्या विमानतळांबद्दल हमखास एकच प्रश्न येतो: धावपट्टी पाण्याखाली कधी जाणार? मग विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची शोधली जाते, त्यातून समुद्राची संभाव्य वाढ वजा होते आणि उरलेला आकडा बघून माणूस निर्धास्त होतो किंवा धास्तावतो. दोन्ही वेळा हिशेब चुकलेला असतो. धावपट्टीवर समुद्र चढण्याच्या कितीतरी आधी विमानतळाची गटारं, केबल, तळघरातली विद्युत उपकरणं आणि डांबराखालची माती हार मानतात. म्हणून चिंता करायचीच तर ती योग्य जागेची करावी, यासाठी हा लेख.

सुरुवात त्या उंचीच्या आकड्यापासून करू. तक्त्यांवर छापलेली विमानतळाची उंची म्हणजे विमानं उतरण्याच्या क्षेत्रातल्या सर्वांत उंच बिंदूची उंची. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची व्याख्याच तशी आहे, आणि वैमानिकासाठी ती रास्तही आहे. पुराचा विचार करणाऱ्याला मात्र सर्वांत खालचा बिंदू लागतो. न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळाची छापील उंची सुमारे ६.३ मीटर आहे. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळात शहराच्या दक्षिण टोकाच्या ‘बॅटरी’ नावाच्या भरतीमापन केंद्रावर पाणी उंचीच्या राष्ट्रीय मानक पातळीच्या वर सुमारे ३.४ मीटर चढलं. नुसती वजाबाकी केली तर लागार्डिया जवळजवळ तीन मीटरने सुरक्षित ठरतो. प्रत्यक्षात तिथल्या धावपट्ट्या आणि एप्रन (विमानं उभी करायची फरसबंद जागा) पाण्याखाली गेले आणि विमानतळ १ नोव्हेंबरला उघडला, कारण उंच टोक ६.३ मीटरवर असलं तरी खाडीकडचा भाग त्याच्या कितीतरी खाली आहे. याच्या उलट टोकाला ॲम्स्टरडॅमचा स्खिपहोल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वाफेच्या पंपांनी उपसून काढलेल्या तलावाच्या तळावर तो बसलेला आहे, समुद्रपातळीपेक्षा तीन मीटरहून अधिक खाली, आणि रोज चालतो. नुसत्या उंचीवरून काहीच ठरत नाही. पाणी कुठून येऊ शकतं आणि आलेलं पाणी बाहेर कसं जातं, यावर सगळं ठरतं.

दुसरी गोम शून्य कुठे धरलं आहे यात आहे. विमान वाहतुकीत उंच्या ईजीएम-९६ नावाच्या जागतिक भूप्रतिमानावरून, म्हणजे समुद्रसपाटीच्या गणिती नमुन्यावरून, मोजल्या जातात. त्या प्रतिमानाचं शून्य आणि तुमच्या किनाऱ्यावरची समुद्राची खरी सरासरी पातळी यांत दहा-वीस सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त फरक सहज असतो. देशाच्या सर्वेक्षणाचं शून्य जुन्या भरती-मोजणीवरून ठरलेलं असेल, तर त्यानंतर समुद्र जितका चढला तितकी चूक आणखी. शिवाय सरासरी पातळीच्या वर पाणी रोजच जातं. भरती-ओहोटीतला फरक तीन मीटर असेल तर साधी भरतीच सरासरीच्या दीड मीटर वर जाते, उधाणाची त्याहून अधिक. त्यामुळे कुठलाही अभ्यास सुरू करण्याआधी विमानतळावरचा पक्का उंची-खुणेचा दगड आणि जवळच्या भरतीमापकाचं शून्य यांची सरळ लेव्हलिंग करून सांगड घालावी. काम थोडक्या दिवसांचं आहे, पण ते झालेलं नसेल तर पुढची सगळी आकडेमोड वाऱ्यावर.

जाता जाता एका नेहमीच्या शंकेचं उत्तर. समुद्र चढला म्हणून विमानातला अल्टिमीटर चुकत नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि त्याचा संदर्भ त्याच ठरलेल्या शून्याशी बांधलेला असतो, प्रत्यक्ष लाटांशी नाही.

आता समुद्र किती चढतो ते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल समितीच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ ते २०१८ दरम्यानचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. २१०० पर्यंतची वाढ, १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत, उत्सर्जन अगदी कमी ठेवलं तर ०.२८ ते ०.५५ मीटर आणि फार जास्त राहिलं तर ०.६३ ते १.०१ मीटर अशी दिली आहे. पण मला त्याच अहवालातलं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं: पूर्वी शतकातून एकदा येणारी टोकाची पातळी २१०० पर्यंत जगातल्या निम्म्याहून अधिक भरतीमापन केंद्रांवर वर्षातून किमान एकदा येईल. विमानतळाला धक्का सरासरीने बसत नाही, अशा टोकाच्या दिवसांनी बसतो. न्यूकॅसल विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासाने आजच २६९ विमानतळांना किनारी पुराचा धोका आहे असं म्हटलं, आणि तापमानवाढ २ अंशांवर रोखली तरी सुमारे १०० विमानतळ सरासरी समुद्रपातळीच्या खाली जातील असा अंदाज दिला. असे जागतिक अभ्यास चाळणीसारखे वापरावेत. एखाद्या विशिष्ट विमानतळाची भिंत किती उंच हवी, हे त्यांतून काढू नये.

यात जमिनीचं खचणं मिळवलं की चित्र पार बदलतं. ओसाकाचा कानसाई विमानतळ १९९४ मध्ये किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर, १८ मीटर खोल पाण्यात भराव घालून केलेल्या बेटावर सुरू झाला. तळाशी चिकणमातीचा मऊ थर, त्याखाली आणखी जुन्या चिकणमातीचे जाड थर. वरच्या थरात वाळूचे उभे निचरा-स्तंभ घालून त्यातलं पाणी लवकर पिळून काढता आलं. खालच्या जुन्या थरांपर्यंत हे स्तंभ पोचत नाहीत, त्यामुळे ते आपल्या गतीने दबत राहतात. सुरू झाला त्या वर्षी पहिलं बेट सुमारे ५० सेंटिमीटर खचलं. आता वेग वर्षाला सहा सेंटिमीटरच्या आसपास आला आहे. म्हणजे आजही जमीन समुद्राच्या चढण्यापेक्षा पंधरा पटींनी जास्त वेगाने खाली जाते. टर्मिनल वाकडं होऊ नये म्हणून त्याच्या सुमारे ९०० खांबांखाली जॅक लावून, गरजेप्रमाणे लोखंडी पट्ट्या सरकवून पातळी सांभाळतात. भरावाच्या जमिनीवरचा कुठलाही विमानतळ घ्या: समुद्राचा आलेख आणि जमिनीचा आलेख एकाच कागदावर काढल्याशिवाय त्याचं आयुष्य कळत नाही.

पहिल्यांदा हरतं ते गटाराचं तोंड. धावपट्टीवरचं पावसाचं पाणी उतारावरून बाजूच्या चरांत, तिथून नळांत आणि शेवटी समुद्रात जातं, बहुतेक ठिकाणी फक्त गुरुत्वाने. समुद्राचं पाणी त्या तोंडाच्या वर असलं की निचरा थांबतो. एक साधा हिशेब बघा. भरती-ओहोटीतला फरक तीन मीटर आणि नळाचं तोंड नेमकं सरासरी पातळीवर धरलं, तर दिवसाचे १२ तास तोंड मोकळं असतं. समुद्र अर्धा मीटर चढला की हे १२ तास ९.४ वर येतात. एक मीटर चढला की ६.४ वर. आणि मोकळ्या तासांतही बाहेरची पातळी पूर्वीपेक्षा वर असल्याने पाण्याचा जोर कमी, म्हणून ओसरणं संथ. धावपट्टी समुद्राच्या दोन मीटर वर कोरडी असेल, पण उधाणाच्या वेळी जोराचा पाऊस आला तर ती आपल्याच पाण्यात बुडेल. समुद्राचा एक थेंबही आत यावा लागत नाही.

तोंडावर एकदिशा झडप असते. ती पाणी बाहेर सोडते, आत येऊ देत नाही, निदान कागदावर. बिजागरीत काटकी अडकली, कडेवर कालवं चिकटली किंवा बिजागरी गंजली की झडप दोन-चार सेंटिमीटर उघडी राहते आणि भरती नळातून थेट चरांत येते. कोरड्या दिवशी एप्रनच्या जाळीतून वर येणारं पाणी बहुतेक वेळा याच वाटेने आलेलं असतं. तपासणी सोपी आहे. उधाणाच्या भरतीच्या वेळी, पाऊस नसताना, आतली मॅनहोल उघडून बघायची आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजायची. समुद्राच्या पाण्याचा आकडा सेंटिमीटरला ५० मिलिसिमेन्सच्या आसपास येतो, पावसाच्या पाण्याचा एकाहून कमी. मधला आकडा आला तर झडप किंवा नळाचा सांधा गळतो आहे. बिजागरीच्या लोखंडी झडपेऐवजी बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप बसवली तर गंजण्याचा प्रश्न जातो, पण ती उघडायला आतल्या बाजूने थोडा अधिक दाब लागतो. अगदी सपाट विमानतळावर तो दाबही महाग पडतो.

गुरुत्व संपलं की पंप. एक चौरस किलोमीटर क्षेत्र, तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला ६० टक्के वाहून येतो असं धरलं तर तासाला ३०,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ८.३ घनमीटर पाणी उचलावं लागतं. हा लहानसहान पंप नव्हे, हे पूर्ण पंपघर झालं: स्वतंत्र वीज, डिझेल जनित्र, एक पंप दुरुस्तीला असताना पुरेल इतका जादा पंप, कचरा अडवणाऱ्या जाळ्या आणि त्या साफ करायची व्यवस्था. मोटारी आणि स्विचबोर्ड पुराच्या पातळीच्या वर हवेत. वाचायला हे उघड वाटतं, पण पंपघर जमिनीखाली बांधून नियंत्रण पॅनेलही तिथेच खाली ठेवायची चूक वारंवार होते.

मग वाटतं, पंप लहान ठेवू आणि भरती ओसरेपर्यंत पाणी तळ्यात साठवू. त्याच एक चौरस किलोमीटरवर तासाला २० मिलिमीटरने सहा तास पाऊस पडला तर ७२,००० घनमीटर जागा लागते. जागा मिळालीही, तरी उघड्या पाण्यावर पक्षी येतात आणि धावपट्टीजवळ पक्षी म्हणजे इंजिनाला धोका. म्हणून अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाची शिफारस आहे की पावसानंतर अशी तळी ४८ तासांत पूर्ण रिकामी व्हावीत. समुद्र वर गेल्यावर नेमकं हेच रिकामं होणं अवघड होतं. उपाय म्हणून साठा जमिनीखालच्या पेट्यांत करतात, पण तिथे पुढचा शत्रू वाट बघत असतो.

तो शत्रू भूजल. किनाऱ्यालगत जमिनीखालचं पाणी समुद्रावर तरंगत असतं. समुद्र चढला की तेही चढतं, आणि त्याला भिंतीची फारशी पर्वा नसते. जमिनीखालच्या रिकाम्या टाक्या, पेट्या, मोठे नळ वर उचलले जातात. त्यांना वजन किंवा जमिनीत नांगर द्यावे लागतात. धावपट्टीचं दुखणं अधिक छुपं असतं. डांबर किंवा काँक्रीटच्या थराखाली खडीचे थर आणि त्याखाली माती. ती माती ओली झाली की तिची ताठरता उतरते. फरसबंदीची ताकद सांगायच्या आजच्या पीसीआर पद्धतीत मातीचे चार वर्ग आहेत: १५० मेगापास्कल आणि वर अ, १०० ते १५० ब, ६० ते १०० क, ६० च्या खाली ड. पाणी वर आल्याने ब मधली माती क मध्ये घसरली, तर तीच धावपट्टी, तीच जाडी, पण जड विमानांना तिथे वजन कमी करावं लागेल किंवा फेऱ्या मर्यादित ठेवाव्या लागतील. वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. काँक्रीटच्या सांध्यांतून चाकाखाली चिखलाचं पाणी उडू लागलं, सांध्याजवळ पोकळी झाली, डांबरातली खडी सुटायला लागली की तेव्हा कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना निरीक्षण-विहिरी घालून त्यांत पातळी नोंदणारे लॉगर ठेवावेत. भरतीबरोबर विहिरीतलं पाणी किती आणि किती उशिराने हलतं, यावरून समुद्राशी जोड किती थेट आहे ते समजतं. दरवर्षी त्याच ऋतूत, त्याच भरतीला, भारी वजन टाकून दबण्याची मोजणी करणाऱ्या यंत्राने फरसबंदी तपासली तर ताकदीची घसरण आकड्यांत पकडता येते. एरवी कोरड्या महिन्यातली मोजणी ओल्या महिन्यातल्याशी ताडून समाधान मानलं जातं, त्याला अर्थ नाही. पाणी उपसून भूजल खाली ठेवायचा मोह होतो. चिकणमाती किंवा पीट (कुजलेल्या वनस्पतींची माती) असेल तर उपशाने जमीन आणखी खचते, खचली की आणखी उपसा लागतो. या चक्रात शिरण्याआधी माती कोणती आहे ते नीट माहीत असायला हवं.

आता वीज. धावपट्टीचे दिवे घरातल्या दिव्यांसारखे समांतर नसतात, एकसर जोडणीत असतात. एक कॉन्स्टंट करंट रेग्युलेटर, म्हणजे करंट ठरलेलाच ठेवणारं यंत्र, सगळ्या माळेत ६.६ अँपिअर करंट ढकलतो, आणि प्रत्येक दिव्यासाठी खड्ड्यात एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे एक दिवा गेला तरी माळ तुटत नाही. करंट ठरलेला, म्हणून माळ लांबली की व्होल्टेज वाढतं. ३० किलोवॉटच्या रेग्युलेटरवर पूर्ण भाराला ते साडेचार हजार व्होल्टच्या घरात जातं. आता या खड्ड्यांत खारं पाणी उभं राहिल्याची कल्पना करा. कनेक्टरच्या फटीतून पाणी शिरतं, इन्सुलेशन उतरतं. जमिनीशी एक ठिकाणी गळती झाली तर माळ चालूच राहते, कुणाला पत्ता लागत नाही. दुसऱ्या ठिकाणी गळती झाली की करंट त्या दोन जागांमधून जमिनीतून पळतो आणि मधले सगळे दिवे मंद होतात किंवा विझतात. धावपट्टीच्या मधोमध अंधाराचा पट्टा. रेग्युलेटरच्या पॅनेलवर मात्र ६.६ अँपिअरच दिसत राहतात.

यावर उपाय म्हणजे मेगर या इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राने नियमित मोजणी. साधारण तीन किलोमीटरपर्यंतच्या नव्या सर्किटचं इन्सुलेशन किमान ५० मेगाओम असावं, अशी शिफारस आहे. वयाप्रमाणे ते उतरतं, पण उतरण्याचा वेग महत्त्वाचा. भरतीला आकडा खाली आणि ओहोटीला वर जात असेल, तर केबलचा कुठला तरी भाग समुद्राच्या पाण्यात आहे हे निश्चित. कडेचे दिवे दोन सर्किटमध्ये आलटूनपालटून जोडलेले असतात, म्हणजे एक सर्किट गेलं तरी एकाआड एक दिवा जळतो. व्यवस्था उत्तम आहे. पण दोन्ही सर्किटच्या केबल एकाच चरातून, एकाच खड्ड्यातून नेलेल्या असतील तर पुराला दोन्ही एकदमच सापडतात. किनाऱ्यावर हे दोन मार्ग वेगळे हवेत आणि रेग्युलेटरचं घर उंच जोत्यावर हवं.

कानसाईला ४ सप्टेंबर २०१८ रोजी जेबी वादळाने हेच वाईट रीतीने दाखवलं. लाटा बांधावरून आत आल्या, पहिल्या बेटाची धावपट्टी बुडाली, आणि पहिल्या टर्मिनलच्या तळघरातल्या विद्युत उपकरणांत पाणी शिरलं. त्याच वेळी वाऱ्याने ओढलेलं एक तेलवाहू जहाज मुख्य भूमीशी जोडणाऱ्या एकुलत्या पुलावर आदळलं. सुमारे तीन हजार प्रवासी रात्रभर बेटावर अडकले. धावपट्टीवरचं पाणी पंपांनी काढता येतं. खाऱ्या पाण्यात बुडालेला स्विचगिअर, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी उपकरणं, वाळवून परत लावता येत नाही, तो बदलावा लागतो आणि तो दुकानात तयार मिळत नाही.

भिंत बांधा, असं कुणीही म्हणेल. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाने २०१९ मध्ये त्यासाठी ५८.७ कोटी डॉलरचा आराखडा मंजूर केला: किनाऱ्याभोवती पोलादी शीट-पाइल (जमिनीत ठोकलेले पोलादी पत्रे) आणि काँक्रीटच्या भिंती, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या वर ४२ इंच, म्हणजे १०७ सेंटिमीटर समुद्रवाढीची तयारी. खर्चाचा अंदाज पुढे बराच वाढला. पण विमानतळाची भिंत ही बंदराच्या भिंतीसारखी हवी तितकी उंच करता येत नाही, कारण तिच्या डोक्यावरून विमानं जातात.

मोठ्या धावपट्टीच्या थ्रेशोल्डपासून, म्हणजे जिथून उतरायची जागा सुरू होते त्या रेषेपासून, ६० मीटर बाहेर एक काल्पनिक तिरका पृष्ठभाग सुरू होतो आणि तो २ टक्के चढाने वर जातो. त्याला छेदून काहीही उभं राहू नये. धावपट्टीच्या टोकापुढे ६० मीटरची पट्टी (धावपट्टीभोवतीची मोकळी सपाट जागा) आणि त्यानंतर किमान ९० मीटरचं, शिफारशीप्रमाणे २४० मीटरचं सुरक्षा-क्षेत्र असतं. विमान घसरून पुढे गेलं तर त्याला थांबायला ही जागा, म्हणून भिंत तिच्यापलीकडेच हवी. सुरक्षा-क्षेत्र २४० मीटरचं असेल तर भिंत थ्रेशोल्डच्या पातळीपेक्षा ४.८ मीटर उंच चालते. जागा नाही म्हणून क्षेत्र ९० मीटरवरच थांबलेलं असेल तर फक्त १.८ मीटर. त्याहून प्रत्येक मीटर उंचीमागे थ्रेशोल्ड ५० मीटर आत सरकवावा लागतो, आणि उतरायला मिळणारी लांबी तेवढी घटते. दोन हजार मीटरच्या आसपासच्या धावपट्टीवर ५० मीटर कुणी हसत देत नाही. बाजूच्या भिंतीला थोडी मोकळीक असते. मध्यरेषेपासून १४० मीटरवर पट्टी संपते, पुढे १:७ चढ. म्हणजे तीन मीटर भिंतीला आणखी २१ मीटर अंतर पुरतं.

पोलादी भिंत रेडिओ-लहरीही परावर्तित करते. विमानाला धावपट्टीच्या मध्यरेषेवर आणणाऱ्या लोकलायझरचा अँटेना धावपट्टीच्या टोकापलीकडे, बरेचदा पाण्याच्या कडेलाच असतो, आणि मागची-बाजूची नवी भिंत त्याच्या किरणात वळण आणू शकते. उतरण्याचा तिरका मार्ग दाखवणाऱ्या ग्लाइड पाथचा नेहमीचा अँटेना तर पुढच्या जमिनीवरून होणाऱ्या परावर्तनावरच उतरण्याचा कोन घडवतो. त्या जमिनीवर पाणी उभं राहिलं की परावर्तनाची पातळी वर येते आणि कोन हलतो. त्यामुळे भिंतीचा आराखडा बांधकाम विभागाने पुरा करून मग दिशादर्शन विभागाला दाखवायचा नसतो. पहिल्या रेघेपासून दोघं एकत्र हवेत. समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या अप्रोच दिव्यांकडेही बघावं लागतं. पूर्ण रांग ९०० मीटरची, दर ३० मीटरवर दिवे, आणि ही रांग भिंतीच्या बाहेर, लाटांच्या तोंडी.

दुसरा मार्ग जमीनच उंच करण्याचा. ३,००० मीटर लांब, ४५ मीटर रुंद धावपट्टी एक मीटरने उचलायला १,३५,००० घनमीटर साहित्य लागतं. सगळं डांबरी मिश्रण धरलं तर सव्वातीन लाख टनांच्या आसपास. पण धावपट्टी एकटी उचलली तर ती बांधासारखी उभी राहील आणि कडेला घसरलेल्या विमानाला धोका होईल. पट्टीही उचलावी लागते: ३,१२० गुणिले २८० मीटर, म्हणजे पावणेनऊ लाख घनमीटर भराव. मग टॅक्सीवे (विमानं धावपट्टीपर्यंत नेणारे रस्ते), दिव्यांचे खड्डे, चर, आणि टर्मिनलच्या दारापर्यंतचे उतार. चालू विमानतळावर हे रात्रीच्या काही तासांत थराथराने करायचं आणि पहाटे धावपट्टी परत द्यायची. त्या रात्रीच्या थराच्या टोकाला तात्पुरता उतार ठेवतात. थर ५ सेंटिमीटरपर्यंत असेल तर अर्धा ते एक टक्का, जाड असेल तर अर्ध्या टक्क्याहून अधिक नाही. म्हणजे ५ सेंटिमीटरला पाच ते दहा मीटरचा उतार. जेबीनंतर कानसाईने बांध आणि धावपट्टी उचलायचं काम असंच विमानं चालू ठेवून केलं.

नवा विमानतळ बांधताना ही उंची त्या मानाने स्वस्तात मिळते. ब्रिस्बेनची २०२० मध्ये सुरू झालेली समांतर धावपट्टी बांधताना समुद्रातून १.१ कोटी घनमीटर वाळू आणून पसरली, मऊ मातीत तीन लाखांहून अधिक निचरा-पट्ट्या घातल्या आणि जमीन काही वर्षं दबू दिली, मगच फरसबंदी. सिंगापूरने चांगीचं पाचवं टर्मिनल सरासरी समुद्रपातळीच्या ५.५ मीटर वर ठेवायचं ठरवलं. मालदीवच्या हुलहुले बेटावरच्या विमानतळाला हे औदार्य परवडत नाही. बेट समुद्राच्या जेमतेम दोन मीटर वर आहे, मागे सरकायला जागा नाही, आणि देशात ये-जा करायचा मुख्य दरवाजा तोच. अशा विमानतळांचा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. मोठ्या देशाचा विमानतळ चार दिवस बंद राहिला तर विमानं दुसरीकडे वळतात. इथे औषधं आणि अन्नाची वाटच बंद होते.

वादळाची सूचना आली की इंधनाच्या टाक्या रिकाम्या ठेवू नयेत. उभ्या टाकीभोवती दीड मीटर समुद्राचं पाणी जमलं तर टाकी तरंगू नये म्हणून तिच्यात, स्वतःचं वजन सोडून, सुमारे १.९ मीटर इंधन हवं, कारण विमानाचं इंधन पाण्याच्या ०.८ पट जड. व्यवहारात त्यावर भरपूर राखीव धरून टाक्या भरून घ्याव्यात. भोवतीच्या बांधाची निचरा-झडप बंद आहे का, हे त्याच फेरीत बघावं. विमानं आधीच दुसरीकडे हलवावीत. टो-ट्रॅक्टर, शिड्या, जमिनीवरची वीज-यंत्रं उंच जागी न्यावीत. बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना खारं पाणी लागलं तर ती परत आत घेताना आगीचा धोका असतो, म्हणून ती सगळ्यांत आधी.

पाणी ओसरल्यावर उघडण्याची घाई हीच मोठी चूक ठरते. आधी गोडं पाणी: मीठ सुकून बसण्याआधी दिव्यांचे खड्डे, कनेक्टर, अँटेनाचे पाय धुऊन काढायचे. मग कचरा. लाटेबरोबर आलेले दगड, वाळू, लाकूड झाडून काढल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. बांधालगतच्या फरसबंदीखालची वाळू वाहून गेली असू शकते, तिथे जमिनीत पाहणारं रडार फिरवून पोकळी शोधायची आणि मगच वजन येऊ द्यायचं. दिव्यांची प्रत्येक माळ आधी मेगरने, नंतर कमी तेजावर, शेवटी पूर्ण तेजावर. इंधनाचे खड्डे उपसून प्रत्येक ठिकाणच्या इंधनात पाणी आहे का ते तपासायचं. आयएलएसच्या, म्हणजे लोकलायझर आणि ग्लाइड पाथच्या, उपकरणांना पाणी लागलं असेल तर विमानाने उड्डाण-तपासणी होईपर्यंत ते सेवेत नाही, तशी नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) हवी. धावपट्टीवर तीन मिलिमीटरहून जास्त पाणी साचलेलं असेल तर आयकाओच्या स्थिती-अहवालात तिचा गुणांक सहापैकी दोनवर येतो आणि बऱ्याच विमानांना लांबी पुरत नाही. २०० पीएसआय दाबाची हवा असलेलं चाक साधारण १२७ नॉट (ताशी सुमारे २३५ किलोमीटर) वेगाच्या वर अशा पाण्यावर तरंगतं. म्हणून खचून झालेले खोलगट भाग नोंदवून ठेवायचे, पाऊस थांबल्यावरही पाणी तिथेच उभं राहतं.

कानसाई ७ सप्टेंबरला अंशतः उघडला, तेही कमी नुकसान झालेल्या दुसऱ्या बेटावरून. रेल्वे १८ सप्टेंबरला सुरू झाली, पहिलं टर्मिनल पूर्ण चालू व्हायला २१ तारीख उजाडली, आणि पुलावरच्या सगळ्या मार्गिका खुल्या झाल्या त्या २०१९ च्या एप्रिलमध्ये.